गावची ठेव गावात किती मुरते? ग्रामीण बँकेचं काम, कास्तकाराच्या बाजूने समजून घेताना

विदर्भातल्या कुठल्याही बाजाराच्या गावात बँकेबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं: बँक कर्ज देत नाही. शाखेत जाऊन गावाबद्दल विचारा, तिथलंही उत्तर ठरलेलं असतं: इथले लोक कर्ज भरत नाहीत. मी नोकरीभर ग्रामीण शाखांमध्ये होतो. आधी कृषी अधिकारी, मग शाखा व्यवस्थापक. यवतमाळच्या कापूसपट्ट्यातही राहिलो आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातही. ही दोन्ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांच्या आड काय असतं ते एकदा नीट मांडावं असं फार दिवसांपासून मनात होतं. शाखेचा व्यवस्थापक गावाचं भलं किती करू शकतो, त्याचे हात कुठे बांधलेले असतात आणि कुठे मोकळे असूनही तो ते वापरत नाही, हे कास्तकाराला कळलं तर तो बँकेत वेगळ्या पद्धतीने बोलू शकेल.

सुरुवात पैशापासूनच करू. शाखेतला पैसा येतो कुठून? गुरुजींचा पगार, निवृत्तांची पेन्शन, कापसाचे चुकारे, तेंदूपत्त्याची मजुरी, बचत गटांची बचत. समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली त्यांचा मोबदला. वणी, भद्रावती, उमरेडकडे कोळसा खाणींत गेलेल्या जमिनींचा मोबदला. हे सगळं ठेवींच्या रूपात शाखेत जमा होतं. त्यातलं किती कर्ज म्हणून त्याच भागात परत दिलं, याला बँकेच्या भाषेत ‘सीडी रेशो’ म्हणतात. १०० रुपये ठेवी आणि ६० रुपये कर्ज असेल तर सीडी रेशो ६० टक्के. गावात पडलेला पाऊस गावाच्या शिवारात किती मुरला आणि नाल्याने किती वाहून गेला, तसाच हा हिशेब आहे.

रिझर्व्ह बँकेची अपेक्षा अशी, की बँकेच्या ग्रामीण आणि निमशहरी शाखांचा मिळून हा रेशो ६० टक्के असावा. प्रत्येक शाखेवर स्वतंत्र सक्ती नाही, आणि तिथेच पळवाट निघते. एखाद्या शाखेचा आकडा २५ असला तरी दुसरीकडचा ९० त्याला झाकून टाकतो. पूर्ण जिल्ह्याचा आकडा ४० च्या खाली गेला तर मात्र जिल्हास्तरीय समितीला खास उपसमिती नेमून त्यावर देखरेख ठेवावी लागते. याखेरीज व्यापारी बँकांना आपल्या एकूण कर्जातला ठरावीक वाटा प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, लहान उद्योग अशा कामांना द्यावा लागतो. हा वाटा ४० टक्के, त्यात शेतीला १८ आणि अल्प-अत्यल्पभूधारकांना १०. पण हे आकडे देशपातळीवर मोजले जातात. ते तुमच्या गावात पूर्ण होतील की पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या गावात, हे कोणत्या शाखेने किती मेहनत घेतली यावर ठरतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षाच्या शेवटी अग्रणी बँक योजना आली आणि प्रत्येक जिल्हा एका बँकेच्या जबाबदारीत दिला गेला. १९७५ पासून ग्रामीण बँका उभ्या राहिल्या, १९८२ मध्ये शेती आणि ग्रामविकासासाठीची राष्ट्रीय बँक नाबार्ड आली. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. खेड्यातल्या माणसाची खरी बँक मात्र फार वर्षं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तिची गावातली सोसायटीच होती. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँका अडचणीत आल्या, तेव्हा त्या जिल्ह्यांतला पीककर्जाचा भार राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांवर येऊन पडला. सोसायटीचा सचिव गावातलाच असायचा, कोणाचं वावर किती आणि कोणाची दानत कशी हे त्याला तोंडपाठ असायचं. त्या जागी बदलून आलेला परका व्यवस्थापक बसला. आजचे निम्मे गैरसमज इथून सुरू होतात असं मला वाटतं.

व्यवस्थापकाच्या हातात काय असतं

बऱ्याच जणांना वाटतं, साहेबाच्या मनात आलं तर तो एकरी जास्त कर्ज देऊ शकतो. तसं नाही. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं, हे दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. त्याला कर्जदर म्हणतात. व्याजाचा दरही वरून येतो. मंजुरीची मर्यादा पदानुसार बांधलेली असते.

हातात उरतो तो वेळ. अर्ज एप्रिलमध्ये घ्यायचे की जूनमध्ये, गावात शिबिर लावायचं की शंभर माणसांना शाखेच्या पायरीवर बसवायचं, एक कागद कमी असला तर माणसाला परत पाठवायचं की पटवाऱ्याला फोन करायचा. गाव पाहायचं की सातबारा पाहून मोकळं व्हायचं. कागदावर या गोष्टी बारीक दिसतात. कोरडवाहू शेतीत त्यांच्यावरच हंगाम उभा राहतो किंवा बसतो.

पीककर्जाचंच बघा. आपल्याकडे पेरणी मृगावर. बियाणं आणि खत मेच्या शेवटी घरात यायला हवं. कर्ज जुलैमध्ये मिळालं तर नियमाप्रमाणे ते वेळेत आहे, कारण खरीप कर्जवाटप सप्टेंबरपर्यंत चालतं आणि शाखेचा लक्ष्यांक तेव्हाही पूर्ण होतो. कास्तकाराने मात्र तोवर कृषी केंद्रातून उधारीवर बॅगा उचललेल्या असतात किंवा सावकाराकडून सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट परत करण्याच्या बोलीवर, पैसा आणलेला असतो. कृषी केंद्राच्या उधारीत भाव दुकानदाराचा, वाणही त्याच्याच पसंतीचा, आणि बऱ्याचदा दिवाळीत कापूसही त्यालाच घालायचा. दारव्ह्याकडचे एक म्हातारे कास्तकार मला म्हणाले होते, “सायेब, पानी आल्यावर पैसे देता, मंग बियाणं कशानं घ्याचं?” आमच्या अहवालात त्या वर्षी वाटप चांगलं झाल्याची नोंद होती. त्यांच्यासाठी ते कर्ज सावकाराचे पैसे फेडण्यापुरतं उरलं होतं. म्हणून मी म्हणतो, उशिरा दिलेल्या पीककर्जाने सावकारी कमी होत नाही. उलट सावकाराची वसुली सोपी होते.

केसीसीचा हिशेब

किसान क्रेडिट कार्ड, म्हणजेच केसीसी, १९९८ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. कार्ड म्हटलं तरी मूळ गोष्ट आहे ती कर्जाच्या मर्यादेची. ती कशी काढतात ते उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या जिल्ह्याचा कर्जदर वेगळा असेल.

समजा एका बाईंच्या नावावर २ हेक्टर कोरडवाहू आहे, एकावर कापूस, एकावर सोयाबीन-तूर. कापसाचा कर्जदर हेक्टरी ६५,००० आणि सोयाबीन-तुरीचा ६०,००० धरला तर झाले १,२५,०००. त्यात काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी १० टक्के, म्हणजे १२,५०० मिळवायचे. शेतीची अवजारं, बैल, मोटार यांच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे २५,०००. पहिल्या वर्षाची मर्यादा झाली १,६२,५००. पुढे दरवर्षी त्यात १० टक्के वाढ धरून ५ वर्षांसाठी मंजुरी द्यायची असते. प्रत्यक्षात अनेक शाखा फक्त कर्जदराचे १,२५,००० देतात. घरखर्चाचे १० टक्के आणि देखभालीचे २० टक्के कोणी मागितलेच नाहीत, तर ते कोणी देतही नाही. बाईंच्या मुलीची शाळेची फी मग सावकाराकडून येते.

१ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण ठेवावी लागत नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. पीक तारण असतं, तेवढं पुरे. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या कुटुंबांना याचं मोल जास्त आहे, कारण त्यांची जमीन विकता किंवा गहाण टाकता येतच नाही.

व्याज ७ टक्के. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के परत मिळतात. उरलेल्यासाठी राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, आणि २०२१-२२ पासून तीतही ३ लाखांपर्यंत ३ टक्के मिळतात. बाकीचा १ टक्का बँकेला दिला जाणाऱ्या सवलतीतून भागतो. त्यामुळे मुदतीत फेडणाऱ्याला पीककर्ज बिनव्याजी पडतं. अडचण एवढीच, की सवलतीची रक्कम नंतर खात्यात येते, त्यामुळे आधी व्याज भरावं लागतं आणि ‘बिनव्याजी म्हणाले होते’ यावरून काउंटरवर भांडणं होतात. ही गोष्ट कर्ज देतानाच पाच मिनिटं घेऊन सांगितली तर मार्चमधलं भांडण टळतं.

नवं-जुनं

आता मार्चकडे, म्हणजे वसुलीच्या महिन्याकडे येऊ. विदर्भातल्या बँकांमध्ये सर्वात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे नवं-जुनं. जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. ज्याच्याकडे कापसाचे पैसे शिल्लक नाहीत तो काय करतो? कोणा व्यापाऱ्याकडून किंवा सावकाराकडून आठवड्यासाठी दीड लाख घेतो, बँकेत भरतो, नवं कर्ज निघालं की तेच परत देतो. त्या आठवड्याचं व्याज सावकार आधीच कापून घेतो. शाखेची वसुली उत्तम, कास्तकाराचं खातं नियमित, आणि नव्या हंगामाला मिळालेल्या पैशातून प्रत्यक्ष हातात येतं ते त्या व्याजाएवढं कमी. असं सलग काही वर्षं झालं की एका वर्षी नवं कर्ज वेळेवर मंजूर होत नाही. मग तो आठवड्याचा सावकार वर्षभराचा होतो. यवतमाळ, वाशिमकडे मी पाहिलेली बरीच संकटं अशा एका अडलेल्या मंजुरीपासून सुरू झाली आहेत.

केसीसीच्या नियमांत खातं एखाद्या ठरावीक दिवशी शून्यावर आणा अशी अट नाही. प्रत्येक उचल १२ महिन्यांत फिटली पाहिजे, एवढंच. कापूस वेचायला लागतो दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन त्याआधी निघतं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. जेव्हा माल विकला जातो तेव्हा थोडे थोडे पैसे खात्यात भरले आणि लागले तसे काढले, तर मार्चचा डोंगर उभाच राहत नाही. जाणता व्यवस्थापक वसुलीसाठी मार्चची वाट पाहत नाही. तो डिसेंबरमध्ये गावात जातो, कापलेल्या पिकाची सुडी (गंजी) झाली का विचारतो, तूर कधी निघेल बघतो, आणि त्याप्रमाणे प्रत्येकाशी बोलतो.

यासाठी लोकांचा खात्यावर भरवसा असावा लागतो. आज तो का कमी झाला, तर ‘होल्ड’मुळे. अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा किंवा पीएम किसानचे पैसे खात्यात आले आणि कर्ज थकीत असेल तर अनेक शाखा ते खातं रोखून ठेवतात. सरकारी मदत कर्जात वळती करू नये, असे राज्य सरकारचे आदेश मदतीच्या निर्णयांमध्ये स्पष्ट असतात. तरीही होल्ड लागतो, आणि बँकेला वाटतं आपली वसुली झाली. परिणाम उलटा होतो. सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस घातला तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येणार, खात्यात आले तर बँक कापणार, या भीतीने माणूस कमी भावात खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, रोखीने कापूस देऊन टाकतो. क्विंटलमागे त्याचं नुकसान होतं, आणि बँकेला पैसा दिसायचाही बंद होतो. वसुलीच्या घाईत घेतलेला हा एक निर्णय शाखेला पुढची कित्येक वर्षं महाग पडतो.

दुष्काळी वर्षात

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तसं एखादं वर्ष आलं की कर्ज भरणं शक्यच नसतं. अशा वर्षासाठी पुनर्गठनाची सोय आहे. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त बुडालं आणि तो भाग आपत्तिग्रस्त म्हणून जाहीर झाला, तर त्या वर्षाचं पीककर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलून देता येतं. नुकसान ५० टक्क्यांच्या आत असेल तर २ वर्षांपर्यंत आणि त्याहून जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षी वसुली थांबते आणि खातं थकीत न धरता नवं पीककर्जही देता येतं. आपल्याकडे त्यासाठी पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा महसूल खात्याचा अंदाज, पाहतात. ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी लागते आणि ५० पैशांच्या आत असेल तर सवलती लागू होतात.

हे पुनर्गठन सगळ्यांनी डोळे झाकून घ्यावं असंही नाही. हप्त्यांत बदललेल्या कर्जावर पहिल्या वर्षानंतर नेहमीचं व्याज लागतं, बिनव्याजी पीककर्जाची सवलत मिळत नाही. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे त्याने जमेल तेवढं भरून पीककर्जच चालू ठेवलेलं बरं. ज्याच्याकडे खरंच काही नाही, त्याने संमतीपत्रावर सही करून खातं वाचवावं. हा फरक माणूस पाहून समजावून सांगणं हे व्यवस्थापकाचं काम आहे, आणि माझ्या मते त्याच्या कामातलं सर्वात जबाबदारीचं. कारण कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज ठरल्या तारखेनंतर दोन हंगाम थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत-अनुत्पादक, होतं. एकदा एनपीए झालं की त्या घराला बँकेचं दार जवळपास बंद. सिबिलमध्येही, म्हणजे कर्जदाराच्या परतफेडीच्या नोंदीतही, ते दिसतं. पीककर्जाला सिबिलचा आग्रह धरू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे, पण थकीत खात्याची भीती प्रत्येक मंजूर करणाऱ्याच्या मनात असतेच.

कर्जमाफीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ २ हेक्टरपर्यंतच्या कास्तकारालाच होता. कोरडवाहू विदर्भात ७-८ एकरवाला माणूसही गरीबच असतो, पण तो त्या रेघेच्या बाहेर राहिला. २०१७ मध्ये राज्याने दीड लाखापर्यंत माफी दिली, २०१९ मध्ये २ लाखांपर्यंत. अडलेल्या माणसाला माफी मिळाली याचा मला आनंदच आहे. पण पुढची माफी येईल म्हणून ज्यांना भरता येत होतं त्यांनीही कर्ज थकवलं, आणि मधली दोन-तीन वर्षं ते बिनव्याजी पीककर्ज सोडून सावकाराच्या दारात उभे राहिले. त्यांनी तिथे भरलेलं व्याज कोणत्याच माफीत परत येत नाही. माझ्याकडे जो विचारायला आला त्याला मी हेच सांगितलं.

ज्यांच्या नावावर सातबारा नाही

मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याला पीककर्ज सहसा मिळत नाही, कारण सातबारा मालकाचा. अशांसाठी ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करून कर्ज देता येतं. एकमेकांची जबाबदारी सगळ्यांनी घ्यायची. ही सोय आहे, पण शाखेला कष्ट जास्त आणि रक्कम लहान, म्हणून फार थोड्या ठिकाणी वापरली जाते.

आणि विधवा. नवरा गेला, कर्ज त्याच्या नावावर, सातबाराही त्याच्याच. वारसाचा फेरफार झालेला नाही, दीर-सासरे सहीला तयार नाहीत. नवं कर्ज मिळत नाही आणि जुनं वाढत जातं. अशा घरी जाऊन ‘ताई, हा कागद आधी करा, पटवाऱ्याकडे मी बोलतो’ म्हणणारा व्यवस्थापक भेटला तर एक घर सावरतं. यासाठी कोणतंही परिपत्रक लागत नाही.

तिच्या घरात आणखी एक गोष्ट बहुधा पडून असते. नवऱ्याच्या खात्यातून दरवर्षी मेच्या शेवटी ४३६ रुपये कापले जात होते का? ती जीवनज्योती विमा योजना, १८ ते ५० वयात घेता येते. २० रुपये कापले जात होते का? ती सुरक्षा विमा योजना, १८ ते ७० वयासाठी, अपघाती मृत्यूला. दोन्हींत २ लाख मिळतात. वावरात साप चावून गेलेला माणूस अपघाती मृत्यूतच मोडतो, फक्त दवाखान्याची नोंद लागते. म्हणून बुवाकडे न नेता सरकारी दवाखान्यात नेणं जीव वाचवायलाही आवश्यक आणि नंतर घरासाठीही. किती घरांना हे ठाऊक नसतं! पासबुकात ‘४३६’ छापलेलं असतं आणि बायकोला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. गावात मयत झाल्याचं कळलं की त्या खात्याची नोंद काढून पाहायची, एवढी शिस्त शाखेने लावली तरी कितीतरी दावे उभे राहतील.

बचत गट

गावात बँकेचा पैसा सर्वात सुरक्षित कुठे असतो, तर बायांच्या गटात. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून राज्यात काम करते, १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, पुढे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ आलं. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब ही पंचसूत्री गटाने सहा महिने पाळली की तो बँकेच्या कर्जाला पात्र होतो. १० लाखांपर्यंत काही गहाण नाही, ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के.

इथे अडतं ते खातं उघडण्यात. ठराव, फोटो, आधार, प्रत्येकीची सही आणि तीन चकरा. बायांची मजुरी बुडते. तेवढ्यात मायक्रोफायनान्सचा माणूस घरी येतो, दोन दिवसांत पैसे देतो आणि आठवड्याचे हप्ते सुरू करतो. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, पण ज्या बाईचे चार कंपन्यांचे हप्ते सुरू आहेत तिला तो माहीत नसतो. बँकेने गटाचं खातं एका बैठकीत उघडून दिलं तर यातलं बरंच टळेल. शाखेत बँक सखी, म्हणजे गटांना बँकेच्या कामात मदत करणारी बाई, असेल तर हे सहज होतं. ती गावचीच असते, बाया तिच्याशी मोकळ्या बोलतात.

कर्ज मिळाल्यावर गट काय करतो? शेळ्या घेतो, शिलाई करतो, मसाला दळतो. तुरीच्या पट्ट्यात छोटी डाळगिरणी चालते. त्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. पण यंत्र आणण्याआधी डाळ कुठे विकणार ते विचारलंच पाहिजे. अनुदानासाठी आणलेली आणि बंद पडलेली गिरणी मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिली आहे.

गाव पाहून कर्ज

पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव, आहेत. तिथल्या ढिवर समाजाच्या संस्था मासेमारी करतात. २०१८-१९ पासून मासेमारी आणि पशुपालनालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, त्यावर व्याजसवलत २ लाखांपर्यंत. वरूड-मोर्शीत संत्र्याची बाग लावली तर झाडं फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात आणि पुढे पैसा येतो तो बहाराप्रमाणे, अंबियाचा दिवाळीच्या आसपास, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडावर. अशा बागेला महिन्याचा हप्ता लावणं म्हणजे खातं थकवण्याची तयारी करून ठेवणं. हप्त्याची तारीख बहार पाहून ठरवायची. गडचिरोलीत मेंढा (लेखा) सारख्या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तेंदूपत्ताही अनेक ग्रामसभा स्वतः विकतात. ग्रामसभेचं खातं, पॅन, सह्यांचे अधिकार हे शाखेला नवीन असतं आणि नवीन म्हणून ते टाळलं जातं. त्या खात्यातून वर्षाला लाखोंची उलाढाल होते, हे कळल्यावर शाखा धावत येतात.

सोयाबीन आणि तुरीसाठी आणखी एक सोय बँकेने सांगायलाच हवी. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्क्यांनी ६ महिन्यांसाठी मिळते. मान्यताप्राप्त गोदामाच्या पावतीवर केसीसी असलेल्या लहान कास्तकाराला बँकही सवलतीच्या दराने कर्ज देते. घरची निकड भागते आणि माल भाव येईपर्यंत थांबतो.

छोट्या गावांत बँक म्हणजे बँक मित्र. तो अंगठा घेऊन पैसे देतो. कापूस वेचून, धान रोवून बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. ‘पुन्हा लावा’ म्हणत दोन-तीनदा अंगठा घेतला जातो आणि एखाद्या वेळी पैसे दोनदा कापले जातात. दर वेळी पावती मागायची, पावती निघत नसेल तर दुसरा अंगठा द्यायचा नाही. आणि व्यवस्थापकाने महिन्यातून एकदा तरी बँक मित्राच्या गावात जाऊन पासबुकं ताडून पाहायची.

व्यवस्थापकाच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे. दर तीनेक वर्षांनी बदली, शाखेत तीन-चार माणसं, हजारो खाती आणि रोज नवा लक्ष्यांक. कधी तो बिहारचा, कधी आंध्रचा. मराठी येत नाही आणि वऱ्हाडी तर नाहीच. काही जण मी असे पाहिले आहेत की वर्षभरात ‘काहून’ आणि ‘जी’ म्हणायला लागले आणि बदली झाली तेव्हा गाव त्यांना सोडायला आलं. भाषा येण्याआधी ते वावरात गेले होते. गावाने नव्या साहेबाला पहिल्या महिन्यात शिवारात फिरवावं, कुठे ओलीत आहे, कुठे बरड आहे, कोणता गट चांगला चालतो ते दाखवावं. शाखेत बसून त्याला फक्त सातबारे दिसतात.

आणि अर्ज देताना काही गोष्टी लक्षात ठेवा. अर्जाची पोच मागा, ती देणं बँकेला बंधनकारक आहे. ३ लाखांपर्यंतच्या केसीसीला प्रक्रिया शुल्क लागत नाही. खेड्यातल्या वैयक्तिक कर्जदाराकडे किंवा गटाकडे नो-ड्यूजचा (दुसऱ्या बँकेचं कर्ज बाकी नसल्याचा) दाखला मागण्याचा आग्रह धरू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. अर्जदार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर शाखा पातळीवर अर्ज नाकारताच येत नाही, तो निर्णय वरच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर मराठीत माहिती मिळते. तक्रारीआधी जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला एकदा भेटा, तो बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच बसतो. ग्रामसभेने ठराव करून आपल्या शाखेच्या ठेवी किती आणि कर्ज किती, हा प्रश्न आमदारांमार्फत जिल्हा आढावा समितीत नेला तर त्याचं उत्तर बँकेला सगळ्यांसमोर द्यावं लागतं.